स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट हाती आल्यापासून पुन्हा भाकरी थापेपर्यंत

रिपोर्टात ‘कार्सिनोमा’ हा शब्द दिसला की घरातून पहिलं वाक्य येतं, “उद्याच्या उद्या काढून टाका.” बोलणाऱ्याचा जीव तुटत असतो म्हणूनच तो असं बोलतो. तरी त्या वाक्यावर चालू नका. हाताला लागलेली गाठ एका रात्रीत झालेली नसते, ती बरेच महिने, कधी कधी वर्षंही वाढत आलेली असते. तपासण्या नीट पूर्ण करायला दोन-तीन आठवडे गेले तर बिघडत नाही. बिघडतं ते अर्धवट तपासणीवर घाईनं सुरी लागली तर, नाहीतर ‘ऊस जाऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे’ म्हणत महिने गेले तर.

मी स्वतः मिरजेत ऑपरेशन, केमो आणि लाईट (म्हणजे किरणांचा उपचार, रेडिएशन) या तिन्हीतून गेले. त्यानंतर आमच्या तासगाव-पलूस भागातल्या कितीतरी जणींबरोबर ओपीडीच्या बाकावर बसले. औषध कोणतं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं, कुठला कागद मागून घ्यायचा आणि घरात काय बोलायचं, ते मी सांगते.

रिपोर्ट तुम्हाला कळला पाहिजे

आपल्याकडं रिपोर्ट मालकांना किंवा मुलाला बाजूला घेऊन सांगतात. बाईला सांगितलं जातं, “साधी गाठ आहे, काढली की झालं.” मग पट्टी सोडताना तिला कळतं की स्तनच नाही. असं झालेल्या बाईशेजारी मी बसलेय. तिला कॅन्सरपेक्षा घरच्यांनी लपवलं याचं दुःख जास्त होतं, आणि पुढं केमोला ‘हो’ म्हणायलाही ती तयार होईना, कारण आता कोणावर विश्वास ठेवायचा हेच तिला कळत नव्हतं.

म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा, “माझा रिपोर्ट मला सांगा, आम्ही दोघं बसून ऐकतो.” शुद्धीत असलेल्या सज्ञान बाईच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर तिचीच सही लागते. ते मराठीत मागा. त्यात नेमकं काय काढणार हे लिहिलेलं असतं: फक्त गाठ, की पूर्ण स्तन, की स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही (म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथी). ते वाचून, कळत नसेल तर वाचून घेऊन, मगच सही करा.

घरच्यांनाही एक सांगायचंय. तिला कळलं तर ती खचेल असं तुम्हाला वाटतं. पण तुमची कुजबुज, तुमचे लाल डोळे तिला दिसतच असतात. न सांगितलेलं ती स्वतःच्या मनानं भरून काढते, आणि मन नेहमी सगळ्यात वाईट तेच भरतं.

डॉक्टरांकडं जाताना लिहून घेणारं एक माणूस बरोबर न्या. निदान ऐकताना निम्मं कानावरून जातं, ते सगळ्यांचंच जातं. एक वही करा, प्रश्न आधी लिहून ठेवा. कागद तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

भेटायला येणाऱ्यांचा विचारही आत्ताच करा. गावात बातमी लपत नाही, आणि येणारं प्रत्येक माणूस आपल्या नात्यातली एक गोष्ट घेऊन येतं, बहुतेक वेळा वाईटच. जावेला किंवा बहिणीला सांगून ठेवा की फोन आणि पाहुणे तिनं सांभाळायचे. ताट-वाटी वेगळी करण्याचं काहीच कारण नाही, हा रोग शिवल्यानं होत नाही. तो कुणाच्या पापानं किंवा करणीनंही होत नाही. मुलांना त्यांच्या वयाच्या शब्दांत खरं सांगा: आईला आजार झालाय, औषध चालू आहे, केस जातील आणि परत येतील.

रात्र जड जाते. छातीत धडधड, रडू आवरत नाही, जगू नये असं वाटतं, असं असेल तर १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि ओपीडीत डॉक्टरांनाही सांगा, झोपेचं आणि उदासीचंही औषध असतं.

सुरीआधी सुई

“सुई टोचली की कॅन्सर पसरतो” हे आपल्या भागात अजून छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. जागा बधिर करून जाड सुईनं गाठीतले बारीक तुकडे काढतात, त्याला ट्रू-कट बायोप्सी म्हणतात. टाका पडत नाही, त्याच दिवशी घरी येता येतं.

नुकसान होतं ते उलट्या क्रमानं. एखाद्या छोट्या दवाखान्यात “बारकी गाठ आहे, इथंच काढू आणि तपासायला पाठवू” म्हणतात आणि रिपोर्ट कॅन्सरचा येतो. मग दुसरं ऑपरेशन आलंच. गाठ मुळात केवढी होती, कडेला काही राहिलं का, हे कळायला अवघड होतं, आणि केमोनं ती आधी लहान करून स्तन वाचवण्याची संधी गेलेली असते. म्हणून गाठ काढायची भाषा निघाली की विचारा, “आधी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि ट्रू-कट करूया का?”

कॅन्सर आहे एवढं कळून पुरत नाही, कोणत्या स्वभावाचा आहे तेही कळावं लागतं. त्यासाठी त्याच तुकड्यावर आयएचसी नावाची तपासणी करतात. तिच्या रिपोर्टात तीन नावं शोधा: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिली दोन पॉझिटिव्ह असतील तर गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते आणि पुढं रोजच्या गोळीचा फार मोठा उपयोग होतो. हर-टू शून्य किंवा एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. दोन प्लस म्हणजे अजून ठरलं नाही, त्यासाठी फिश नावाची आणखी एक तपासणी लागते, ती केल्याशिवाय पुढं जाऊ नका. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात.

हे ऑपरेशनच्या आधी का हवं? कारण गाठ मोठी असेल किंवा काखेत गेली असेल, आणि ती ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर बहुतेक वेळा केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असा क्रम असतो. केमोनं गाठ दिसेनाशीही होऊ शकते, म्हणून सुरुवातीलाच गाठीत एक बारीक धातूची क्लिप ठेवतात. डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

पेट स्कॅन, म्हणजे रोग अंगात आणखी कुठं गेलाय का ते बघणारा स्कॅन, सगळ्यांना लागत नाही. गाठ लहान, काखेत काही नाही, हाडं दुखत नाहीत, खोकला नाही, अशा बाईला त्याची गरज सहसा नसते. गाठ मोठी असेल किंवा कातडीपर्यंत आली असेल तर मात्र रोग इतर कुठं गेलाय का हे पाहावंच लागतं. “हा स्कॅन कशासाठी आणि त्यानं उपचार बदलणार का?” असं विचारायला लाजू नका.

वय कमी असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए या जनुकांच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणींत हा रोग आनुवंशिक, म्हणजे घराण्यातून आलेला असतो. तसा निघाला तर दुसऱ्या स्तनाचा आणि मुली-बहिणींचा विचार वेगळा करावा लागतो. मूल हवं असलेल्या तरुण मुलींनी केमोची पहिली सलाईन लागण्याआधीच त्याबद्दल बोलावं, नंतर उशीर होतो.

मिरज, कराड, सातारा की मुंबई

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना सुरू केला तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, कर्नाटकातूनही लोक येतात. आज मिरज, कराड, सातारा आणि कोल्हापूर या पट्ट्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि लाईट यांची सोय आहे. जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या बाईला मात्र हेही लांबच पडतं, तिनं लाईटच्या आठवड्यांत मुक्काम कुठं करायचा ते आधीच ठरवावं.

माझं मत असं की शंका असेल तर सल्ला मुंबईत परळला असलेल्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाचा घ्यावा आणि उपचार जवळ घ्यावेत. केमो दर एक ते तीन आठवड्यांनी असते, लाईट सोमवार ते शुक्रवार रोज असते. शिवाय केमोनंतर रात्री ताप भरला तर परळ उपयोगाचं नाही, तासाभरात पोहोचता येईल असा दवाखानाच उपयोगाचा.

सल्ल्याला जाताना फक्त रिपोर्ट नेऊन भागत नाही. बायोप्सीच्या काचेच्या स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. तिकडं ते पुन्हा तपासतात. मॅमोग्राफीच्या फिल्म आणि स्कॅनची सीडीही न्या. महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा असं करत रात्रभरात पोहोचवते. दादरला उतरलं की परळ जवळ आहे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती रुग्णांची सोय करतात, पण तिथं रुग्णालयाचे कागद लागतात आणि गर्दी असते, म्हणून पहिल्या फेरीला एखाद्या नातेवाइकाचं घर हाताशी ठेवा. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यानिशी घ्यायचा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

सर्जन निवडताना दोन गोष्टी विचारा: स्तनाची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का, आणि सर्जन, केमोचे डॉक्टर, लाईटचे डॉक्टर एकत्र बसून माझी केस बघतील का. मोठ्या ठिकाणी याला ट्यूमर बोर्ड म्हणतात.

कार्डाचं काम लगेच

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतबरोबर चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. ती सगळ्या रेशनकार्डांना लागू केली आहे, पांढऱ्यालाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिल्याच दिवशी त्याला भेटा. कोणत्या तपासण्या योजनेत बसतात आणि कोणत्या पदरच्या, हे त्यालाच विचारा.

अडतं ते नावावर. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, किंवा लग्नानंतर कार्डावर नावच चढवलेलं नाही, असं असंख्य घरांत असतं. तपासण्या चालू असतानाच घरातल्या एकाला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत पाठवा. मंजुरी आल्यावरच ऑपरेशनची तारीख मिळते, त्यामुळं कागदाचा एक दिवस वाचला तर उपचाराचा एक दिवस वाचतो. योजनेत बसूनही कुणी वर पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करता येते.

पूर्ण स्तन काढायलाच हवा का?

हा प्रश्न तुम्ही विचारल्याशिवाय सहसा निघत नाही. खेड्यातली बाई, वय झालेलं, तिला काय करायचंय, असं न बोलता गृहीत धरलं जातं. ते गृहीत धरू देऊ नका. साठीच्या बाईलाही आपलं शरीर आपलंच असतं.

गाठ स्तनाच्या मानानं लहान असेल आणि एकाच जागी असेल तर फक्त गाठ आणि भोवतीची थोडी जागा काढून, नंतर लाईट देऊन स्तन वाचवता येतो. इटली आणि अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात पूर्ण स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या बायकांचं आयुष्य सारखंच निघालं. म्हणजे ‘सगळं काढलं की जास्त जगणार’ हा हिशेब बरोबर नाही.

पूर्ण काढणं गरजेचं असतं तेही खरं: गाठी वेगवेगळ्या भागांत असतील, कातडीला सूज आणि लाली असलेला प्रकार असेल, केमोनंतरही गाठ मोठीच राहिली असेल, त्याच जागी पूर्वी लाईट दिलेली असेल, किंवा लाईट देणंच शक्य नसेल तर. काही जणी वाचवता येत असूनही काढायचं ठरवतात. रोजच्या लाईटला येणं जमत नाही, किंवा मनाला तेच बरं वाटतं. समजून घेऊन ठरवलेलं असेल तर तेही योग्यच. फक्त स्तन काढला म्हणजे लाईट नक्की चुकली असं समजू नका. काखेतल्या गाठींत रोग गेलेला असेल किंवा गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर बहुतेकदा नंतरही लाईट लागते.

काखेबद्दल वेगळं विचारा. तपासणीत काख मोकळी असेल तर निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून पहिल्या काही गाठीच काढून तपासता येतात, त्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. त्यानं पुढं हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. निळ्या रंगामुळं दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका. काखेत रोग असेल तर मात्र बहुतेक वेळा तिथल्या जास्त गाठी काढाव्या लागतात.

आणखी एक प्रश्न वहीत लिहा. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांत १६०० बायकांवर अभ्यास केला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. केमो न देता थेट ऑपरेशन होणाऱ्या बायकांमध्ये, सुरी लावण्याआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेन हे नेहमीचं भुलीचं औषध टोचलं. पाच वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्यांत ९०.१ टक्के होतं, न दिलेल्यांत ८६.४. औषध अगदी स्वस्त आहे. “माझ्या बाबतीत हे करता येईल का?” एवढं विचारा. आपल्याच मातीतलं हे काम आपल्या बायकांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

नवा स्तन तयार करण्याची, म्हणजे पाठीच्या किंवा पोटाच्या भागानं अथवा इम्प्लांट घालून, शस्त्रक्रिया त्याच वेळी किंवा नंतर करता येते. हवी असेल तर आधी बोला, म्हणजे छेद त्याप्रमाणे घेतात.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

मिश्री बंद. आपल्या सातारा-सांगलीच्या बायकांना हे सांगावंच लागतं. सकाळी चुलीपुढं बसून मिश्री लावणं ही वर्षानुवर्षांची सवय, पण ती तंबाखूच आहे. तंबाखूनं जखमेच्या कडेचा रक्तपुरवठा कमी होतो, टाके नीट भरत नाहीत. आज निदान झालं तर आजपासूनच सोडा. डॉक्टरांपासून लपवू मात्र नका.

साखर, रक्तदाब, थायरॉईडच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी, वैद्यांचं चूर्ण, सगळं पिशवीत घालून भूलतज्ज्ञाला दाखवा. पुढून बटणांचे दोन-तीन सैल गाऊन घ्या, कारण हात वर करून काही घालता येत नाही.

ऑपरेशनला नेताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढायला सांगतात. त्या क्षणी कितीतरी जणी कोसळतात, सासूबाईही हबकतात. घरात आधी बोलून ठेवा. बांगड्या आदल्या दिवशी घरीच आपल्या हातानं काढाव्यात, मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात द्यावं. ज्या बाजूचं ऑपरेशन, त्या हातात पुढंही घट्ट बांगड्या आणि अंगठ्या नकोत. दुसरा हात मोकळा आहे.

नळी, टाके आणि पहिले पंधरा दिवस

शुद्धीवर आल्यावर छातीशी एक-दोन नळ्या असतात, त्यांना ड्रेन म्हणतात. आत साठणारं पाणी त्यातून बाहेरच्या डब्यात येतं. बऱ्याच जणी नळीसकट घरी जातात. जुन्या सुती साडीची, नाडी असलेली छोटी पिशवी शिवा, डबा त्यात ठेवून गळ्यात अडकवा, म्हणजे उठताना नळी ओढली जात नाही. डबा कसा रिकामा करायचा आणि दाबून परत कसा लावायचा हे नर्सकडून करून दाखवून घ्या, नुसतं ऐकू नका. रोज एकाच वेळी मोजा, वहीत तारीख आणि मिली लिहा. आधी लालसर, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातं. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. अचानक लालभडक रक्त आलं, नळीभोवती लाली-पू दिसला, ताप आला, तर त्याच दिवशी फोन करा.

नळी निघाल्यावर जखमेखाली पाणी साठून फुगवटा येऊ शकतो. सुईनं काढतात, तिथली कातडी बधिर असल्यानं फारसं दुखत नाही. दंडाची आतली बाजू बधिर किंवा झिणझिणलेली राहते, ती नस काखेतून जाते म्हणून. हे बऱ्याच जणींचं कमी होतं, काहींचं थोडं राहतं.

पट्टी पहिल्यांदा सुटेल तेव्हा बघायचं की नाही ते तुम्ही ठरवा. छातीच्या मधल्या हाडापासून काखेकडं जाणारी एक आडवी रेघ आणि सपाट कातडी, एवढंच दिसतं. बहुतेक जणींनी मनात रंगवलेलं याहून भयानक असतं. आधी हातानं चाचपा, मग आरशात बघा. रडू येईल, येऊ द्या. अंगावर पाजलेलं, तारुण्य, किती काय त्या अवयवाशी बांधलेलं असतं. “जीव वाचला ना, मग कशाला रडतेस” असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. जीव वाचल्याचा आनंद आणि स्तन गेल्याचं दुःख एकाच बाईला एकाच दिवशी होतं. नवऱ्यानं कधी बघायचं हे तुमच्या मनावर आहे. बरेच नवरे दुखेल या भीतीनं जवळ येत नाहीत आणि बायकोला वाटतं मी नकोशी झाले. कुणीतरी एकानं बोलावं लागतं.

तपासणीला गेलेल्या स्तनाचा रिपोर्ट साधारण दोन-तीन आठवड्यांत येतो. काखेतल्या किती गाठी तपासल्या, किती गाठींत रोग होता, काढलेल्या भागाच्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत का, हे त्यात बघा. पुढचे उपचार यावर ठरतात.

हात

ऑपरेशननंतर सगळ्यात दुर्लक्ष होतं ते हाताकडं. घरचे माया म्हणून काही करू देत नाहीत, बाई हात पोटाशी धरून बसते, आणि खांदा आखडतो. मग लाईटला गेल्यावर पंचाईत होते, कारण त्या यंत्राखाली हात डोक्यावर घेऊन झोपावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडा-मिटा, कोपर वाकवा, खांदे हळू गोल फिरवा. नळी आहे तोवर हात खांद्याच्या उंचीपर्यंतच. नळी निघाली आणि सर्जननं परवानगी दिली की भिंतीसमोर उभ्या राहून बोटांनी भिंत चढा, पोचाल तिथं पेन्सिलनं खूण करा, आठवड्यानं खूण वर सरकलेली दिसते. दोन्ही हातांत काठी धरून वर न्या. मग स्वतःची वेणी घाला, अंबाडा बांधा, पाठीमागचा हूक लावून बघा. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. ताण जाणवावा, कळ येऊ नये. काखेतून कोपरापर्यंत दोरीसारखी शीर ताणलेली लागली तर घाबरू नका, याच व्यायामांनी आणि फिजिओथेरपीनं ती सैल होते.

कामं कधी? भाजी निवडणं, चहा, फोडणी पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत चालतं. भाकरी थापायला खांद्यातून जोर लागतो, ती टाके भरल्यावर, आधी एखाद-दुसरी. भरलेली घागर, पिळायच्या चादरी, गोठ्यातली पाटी, वैरणीचा भारा हे साधारण सहा आठवडे नकोच, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू. म्हशीची धार काढताना मूठ आणि दंड दोन्ही सतत चालतात, सुरुवातीला एक सड घेऊन बाकी दुसऱ्याकडं द्या. “आता जन्मभर त्या हातानं काही उचलायचं नाही” हा जुना सल्ला आता तसा राहिला नाही. बेतानं, थोडं थोडं वाढवत नेलेल्या वजनानं सूज वाढत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हातात पाणी साठून सूज येण्याचा धोका पुढं वर्षानुवर्षं राहतो. दंडात ब्लाऊजची बाही घट्ट होणं, हात जड वाटणं, मनगटावर दोऱ्याचा वळ उठणं, या पहिल्या खुणा. त्याच टप्प्यात फिजिओथेरपिस्टकडं गेलात तर दाब देणाऱ्या खास बाहीनं आणि पट्टीनं सूज आवरते, उशीर केला तर कायमची राहते. जखमेतून जंतू गेले की सूज झपाट्यानं वाढते. म्हणून विळा, काटेरी तण, उसाच्या पाल्याचे ओरखडे, गरम तवा, डासांचे फोड यांपासून तो हात जपा. शेतात पूर्ण बाहीचा शर्ट आणि हातमोजे घाला. ओरखडा उठला तर साबणानं धुऊन मलम लावा. हात लाल-गरम होऊन ताप आला तर उद्यावर ढकलू नका. इंजेक्शन, सलाईन, रक्त काढणं शक्यतो दुसऱ्या हातातून करायला सांगा.

ब्लाऊज

एक बाजू सपाट राहिली की पदर घसरतो, आणि स्तन मोठे असतील तर वजन एकीकडं झाल्यानं मान-पाठ दुखते. नळी निघाल्यावर सुती कापडात कापूस भरलेला हलका उशीवजा पॅड वापरता येतो. थोडी मोहरी घालून शिवला की वजन येतं, धुताना मात्र उसवून नवा भरायचा. विणलेले सुती पॅडही मिळतात. सिलिकॉनचा पॅड जखम आणि लाईटची कातडी पूर्ण बरी झाल्यावर, मापानं घ्या. शिवणाऱ्या बाईला विश्वासात घेऊन ब्लाऊजला किंवा ब्राला आतून खिसा लावून घ्या, काखेत सैल ठेवायला सांगा. आणि पॅड न लावता राहावंसं वाटलं तर तसंच राहा. मी घरात तशीच असते.

केमो, लाईट, गोळी

केमोची पहिली सलाईन लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस जातात. आधीच बारीक कापून घेतलेत तर उशीवरचे केस बघून होणारा त्रास कमी होतो. एक आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या: १००.४ फॅरनहाइट. केमोच्या काळात ताप एवढा झाला की रात्र असली तरी दवाखान्यात जायचं, घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. थर्मामीटर आधीच घेऊन ठेवा.

जेवणात पथ्याच्या नावाखाली उपाशी राहू नका. डाळ, दूध, अंडी, चालत असेल तर मटण-मासे नीट शिजवून खा. सांगली हळदीची पेठ, त्यामुळं प्रत्येकजण हळदीचा काढा सांगणार. भाजी-आमटीतली हळद चालते. कॅप्सूल, काढे, झाडपाला मात्र केमोच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, काहींनी यकृताला इजा होते.

हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन साधारण वर्षभर दर तीन आठवड्यांनी असतं, त्या काळात हृदयाची टू-डी इको अधूनमधून होते. लाईट आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत, पंधरा बैठकांत होते. लाईट लागताना दुखत नाही, कातडी नंतर काळवंडते.

ईआर-पीआर पॉझिटिव्ह असलेल्यांना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही गोळी पाच वर्षं, काहींना दहा वर्षं असते. अंगातून वाफा येतात, सांधे दुखतात, आणि ‘आता बरी आहे’ म्हणून पुष्कळजणी मध्येच सोडतात. सोडू नका. त्रास सांगा, गोळी बदलता येते. पाळी गेलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनवर असताना अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवा. तरुण बाईनं या काळात दिवस जाऊ देऊ नयेत.

पुढची वर्षं

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा दाखवायचं. राहिलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी. काही त्रास नसताना दरवेळी स्कॅन लागत नाहीत. टाक्याच्या रेघेवर किंवा काखेत नवी गाठ, महिनाभर न थांबणारा खोकला, एकाच जागी रात्रीही दुखणारं हाड, कावीळ, नेहमीपेक्षा वेगळी डोकेदुखी, यांतलं काही झालं तर तारखेची वाट न बघता जा. आणि जाताना तीच फाईल न्या, पहिल्या बायोप्सीच्या रिपोर्टासकट.